वरच्या डोहाचं पाणी

आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये बेल वाजली की आधी कपाट बंद व्हायचं आणि मग दार उघडायचं. हा क्रम मला कुणी शिकवला नव्हता. लहान मुलं चपला कुठं काढायच्या हे जसं बघून शिकतात, तशी मी तो शिकले. कपाट मम्मी-पप्पांच्या खोलीतलं, आणि त्याच्या दाराला आतल्या बाजूनं निळ्या कोटातली तसबीर लावलेली होती. संध्याकाळी मम्मी ते दार उघडायची, मेणबत्ती लावायची, आणि आम्ही तिघं पलंगाच्या कडेला दाटीवाटीनं उभे राहून वंदना म्हणायचो. समोर तसबीर आणि तिच्या शेजारी हँगरला टांगलेले पप्पांचे ऑफिसचे शर्ट. बुद्ध मात्र हॉलमध्ये उघड्यावर बसलेला असे, कारण सिंगापुरात बुद्धाला कुणी काही विचारत नाही. तिथं तो हॉटेलात असतो, स्पामध्ये असतो, फर्निचरच्या दुकानात कारंज्याच्या बाजूलाही असतो. पुण्या-मुंबईची मंडळी आमच्याकडे जेवायला आली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "काय सुरेख शोपीस आहे! बालीचा का?" आणि पप्पा म्हणायचे, "बालीचाच." तो नागपूरहून आला होता, मम्मीच्या माहेराहून, माझ्या स्वेटरात गुंडाळून.

आम्ही मोरे. या आडनावाची मोठी सोय होती. कानिटकरकाकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मोरे म्हणजे जावळीचे का?" आणि पप्पा नुसते हसले. हसण्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही. त्या एका हसण्यावर आम्ही पुढची सगळी वर्षं काढली. बसल्या जागी आम्हाला एक गढी मिळाली, भिंतीवरची तलवार मिळाली, घराण्याचा तापट स्वभावही मिळाला. पप्पा इतके मवाळ, की लिफ्टमध्ये शिरताना आतल्या रिकाम्या जागेलाही 'एक्स्क्यूज मी' म्हणायचे. पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये ते कधी गप्प बसले तर कानिटकरकाका बाकीच्यांना सांगायचे, "जरा जपून. रक्त कुठलं आहे, लक्षात ठेवा." काका जुरोंग ईस्टला पप्पांच्याच कंपनीत त्यांचे वरिष्ठ होते, राहायला बुकित तिमाहच्या महागड्या काँडोत. त्यांच्या पत्नी शुभाकाकूंना माझं नाव फार आवडायचं. "प्रज्ञा! किती शुद्ध संस्कृत!" त्या म्हणायच्या, आणि मम्मी कोशिंबीर वाढत मान डोलवायची. मागच्या वर्षी पप्पा गेले. ग्रुपवर काकांनी लिहिलं, 'जावळीचा वाघ गेला.' मी खाली हात जोडल्याची खूण टाकली. इतकी वर्षं मुरलेल्या सवयीला दुःखातही सुट्टी नसते.

आजी आली तेव्हा मी सेकंडरी शाळेत नुकतीच गेले होते. आजी म्हणजे पप्पांची आई. साताऱ्याकडच्या एका गावाच्या वेशीबाहेर सगळा जन्म काढून ती थेट चांगी विमानतळावर उतरली, आणि सिंगापूर तिला ताबडतोब पसंत पडलं. बागा, समुद्र, उंच इमारती तिला दाखवाव्या लागल्या नाहीत. तिला सरकता जिना आवडला, बटण दाबलं की स्वच्छ होणारा संडास आवडला, आणि सगळ्यांत जास्त आवडला तो स्वयंपाकघरातला नळ. ती तो सोडायची, धारेखाली दोन बोटं धरायची, बंद करायची आणि थोड्या वेळानं पुन्हा सोडायची. मम्मी विचारायची, "आई, काय हवंय?" आजी म्हणायची, "काय न्हाई. बगते, हाय का अजून." हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत पप्पांनी तिला भीतभीत फिश हेड करी खाऊ घातली. आजीनं ते डोकं इतकं स्वच्छ केलं की शेजारच्या टेबलावरच्या चिनी म्हाताऱ्यानं उठून तिला अंगठा दाखवला. आजीनंही त्याला दाखवला. कुणाशीही तिचं जमायचं, आणि नेमकी तीच आमची अडचण होती.

आपल्याकडे लपवण्यासारखं काही आहे, हे आजीला ठाऊकच नव्हतं. पप्पांनी एकदा तिला समोर बसवून समजावलं. "आई, इथली माणसं चांगली आहेत. पण उगाच विषय नको."

"कसला इषय?"

"आपला."

"आन मंग बोलू कशाचा? त्यांचा?"

शेवटी असं ठरलं की पाहुणे आले की मी आजीला चिकटून बसायचं. म्हणजे ठरलं असं कुणी म्हणालं नाही, मम्मीनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. आजीनं 'आमच्या वस्तीत' असं सुरू केलं की मी म्हणायचे, "आजी, पापड घे ना." ती 'त्या मोर्च्याला' म्हणाली की माझ्या हातून पाणी सांडायचं. या कामात मी इतकी तरबेज झाले की शाळेच्या नाटकात मला सहज घेतलं असतं. मराठी बोलायला मी आजीकडून शिकले आणि गिळायला आईवडिलांकडून. आजीला माझा खेळ कळत असावा, कारण ती पापड घ्यायची, मोडायची आणि अर्धा मला द्यायची.

अशाच एका जेवणाला कानिटकरकाकांनी कॅम्पिंगचा बेत काढला. सिंगापुरात तंबू ठोकायचा तर आधी परवानगी काढायची, मग ठरलेली जागा मिळते, शेजारी नळ, पलीकडं संडास आणि समोर बार्बेक्यूचा कट्टा. काकांना त्यात अपमान वाटायचा. "ह्याला कॅम्पिंग म्हणत नाहीत," ते म्हणाले, "हा छप्पर काढलेला फ्लॅट झाला." त्यांनी इंटरनेटवरून एक जागा शोधली होती. पूल ओलांडून मलेशियात शिरायचं, पुढं बराच वेळ तेलमाडाच्या बागांमधून जायचं, तिथं सरकारी जंगल लागतं आणि एका अरुंद घळीतून नदी बाहेर येते. कुणाची मालकी नाही, कुणी विचारत नाही, हवा तिथं तंबू टाका. "तिथं काहीही नाही," काका डोळे मिटून, एखादं पक्वान्न आठवावं तसं म्हणाले. "नळ नाही. संडास नाही. दिवा नाही. रस्तासुद्धा शेवटी शेवटी नाही."

आजीनं भाताचा घास हातातच थांबवला. "कुनी काडलं का तुमाला घरातनं?"

सगळे पोट धरून हसले. काकांना तर आजी म्हणजे सापडलेला खजिनाच वाटला. "आजींना आणायचंच, मोरे! तीन दगडांची चूल, चुलीवरची भाकरी! आपल्या मुलांना कळू दे की आपली माणसं कशी राहायची." पप्पांनी आजीचे गुडघे पुढं केले. काका म्हणाले, "गुडघे? गड चढणाऱ्या घराण्यातले?" यावर पप्पा पुन्हा हसले, आणि आजीचं जाणं ठरलं.

चार कुटुंबं निघालो, दोन भाड्याच्या व्हॅन करून. निसर्गात विरघळून जायला निघालेल्या माणसांनी काय काय घेतलं होतं त्याची यादी मी देणार नाही. एवढंच सांगते की दोन कुकर होते, पुरणयंत्र चुकून आलेलं होतं, आणि लोणच्याच्या बरण्या कुटुंबागणिक वेगळ्या होत्या, कारण कैरीचं लोणचं ही आमच्यात मतभेदाची गोष्ट आहे. घळ मात्र खरोखर सुंदर होती. दोन्हीकडं काळेकभिन्न ओले कडे आणि मधून फिकट हिरवं पाणी. बाहेर पडताच ते एका खोल डोहात थांबायचं, मग खडकांवरून घसरत खाली रुंद, उथळ व्हायचं. रातकिड्यांचा आवाज भर दुपारीसुद्धा इतका, की जंगलाला वीज नसली तरी जनरेटर असावा. पहिल्या कुकरनं शिट्टी दिली तेव्हा ती घळीत शिरून तीनदा परत आली, आणि झाडातून मोठ्या चोचीचे पक्षी उठून जे गेले ते आम्ही असेपर्यंत फिरकले नाहीत.

काकांनी नियम सांगितले. "पांगून राहायचं. हाच मूळ मंत्र. एकाचा तंबू दुसऱ्याला दिसता कामा नये." त्यांचा स्वतःचा तंबू वर डोहाजवळ, बाकी दोन झाडांत. आमची व्हॅन वाट चुकून उशिरा पोचली आणि आजीला उतरवून घेण्यात आम्ही सगळ्यांच्या मागं राहिलो, म्हणून आमच्या वाट्याला खालची, उथळ पाण्याजवळची वाळू आली. आजी कमरेवर हात ठेवून त्या जागेकडं पाहत राहिली. "नदीच्या खालच्या अंगाला," ती म्हणाली. "समद्यांच्या शेवटाला. हितं बी?" मी म्हणाले, "आजी, चल, बिस्किट देते." मग काकांनी प्रत्येक कुटुंबाला प्लास्टिकचं एकेक खुरपं दिलं. लांब जायचं, खड्डा करायचा, बुजवायचा. आजीनं ते उलटसुलट करून पाहिलं. "जलमभर नुसतं टमरेल घिऊन गेले," ती म्हणाली. "आता खुरपं आलं. सुदारना झाली." काकांचा मुलगा रोहन मात्र खुरपं हातात घेऊन रडकुंडीला आला आणि शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "डॅडी, हाऊ कॅन लाह? देअर गॉट अँट्स!"

मग चुलीचा समारंभ झाला. काकांनी नदीतून तीन दगड आणले, एकसारखे मिळेपर्यंत चार-पाच परत टाकले, आणि कॅमेरा डोळ्याला लावला. "हं आजी! होऊ दे भाकरी!"

आजीनं विचारलं, "ग्यास आनलाय का?"

"आणलाय. पण तो अडीअडचणीला."

"मंग प्येटवा की. माज्या डोळ्यांची अडचनच हाय. लई धूर खाल्ला." असं म्हणून ती खुर्चीत बसली. घडीची, कापडी, कप ठेवायला खळगा असलेली ती खुर्ची तिला फारच आवडली होती. शेवटी काकांनी आजीला चुलीशेजारी नुसतं बसवून फोटो काढला. आज तो फोटो माझ्याकडं आहे. चूल पेटलेली नाही, आजीच्या हातात संत्र्याच्या सरबताचा कप आहे, आणि ती काकांकडं त्यांची कीव आल्यासारखी बघते आहे.

आता पाण्याचं सांगते, म्हणजे जे सांगायचं टाळत इथवर आले ते. काकांचा शेवटचा नियम पाण्याचा होता, आणि कॅम्पिंगच्या दृष्टीनं तो अगदी बरोबर होता हे मला आजही मान्य आहे. वरचा डोह फक्त पिण्याचा. त्यात कुणी हात, पाय, भांडं घालायचं नाही. खाली धुणं-आंघोळ. काकांनी हातानं चालवायचा एक फिल्टर आणला होता. ते स्वतः डोहावर बसून पाणी उपसणार आणि ज्याला त्याला ओतून देणार. "आणि भांडं नळीला लागू द्यायचं नाही हं," ते म्हणाले. "एकाचे जंतू सगळ्यांना नकोत." सगळे शहाण्यासारखे ओळीनं उभे राहिले. आजी पातेलं घेऊन चढून आली, तिच्यामागं मी. तिची पाळी आली तेव्हा काकांनी नळी उंच धरली आणि प्रेमानं म्हणाले, "आजी, जरा लांब धरा. अजून लांब. हां, वरून ओततो."

वरून धार पडायला लागली. अर्धं पाणी पातेल्यात, अर्धं आजीच्या मनगटांवर. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मला कळलं की पापडाचा काही उपयोग होणार नाही. तिनं पातेलं खडकावर ठेवलं, इतकं हळू की आवाजही झाला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आमच्या गावच्या हिरीवर बी आसंच वतायचे. वरनं. आमी खाली वंजळ धरून हुबं. तवा बी त्ये म्हनायचे, लांब धर." आवाज चढवलेला नव्हता. बाजारभाव सांगावा तसं ती सांगत होती. "आमी काय जावळीचे न्हाई. गावकुसाबाहेरचे. आता बुद्दाचे. त्यो घरातला बी काय बालीचा न्हाई."

काकांचा हात पंपावर तसाच राहिला. शुभाकाकूंनी "अय्या" म्हणून तोंडावर हात ठेवला. त्या 'अय्या'मध्ये किती आश्चर्य होतं आणि आमच्या घरी किती वेळा जेवलो याची मनातली उजळणी किती, हे ठरवायला मी आजही तयार नाही. काका गडबडीनं म्हणाले, "अहो आजी, आम्ही असलं काही मानतच नाही!" ते खरंच बोलत होते, आणि कान लाल झाले होते. सगळ्यांची नजर पप्पांकडं गेली. पप्पा पाण्याकडं बघत होते. या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी एकदा मान वर केली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं किंवा तिथंच सुरू झालं असतं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्या घरात बोलणं सावरायचं काम माझं होतं.

"अंकल, शी गेट्स कन्फ्यूज्ड लाह," मी म्हणाले. "हल्ली आजीला आठवत नाही नीट. टीव्हीवरच्या सिरियलमधलं आणि आपलं मिक्स करते."

सगळ्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका पसरली ती मी विसरू शकत नाही. एखाद्या पंगतीत गरम जिलेबी यावी तसे सगळे खुलले. "होतं हो या वयात," काका म्हणाले. "आमची आई तर मला तिचा धाकटा दीर समजायची." पप्पा पाण्याकडंच बघत म्हणाले, "हो. हल्ली जरा तसं होतंय." मम्मीनं पातेलं उचललं. आजी माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. तिनं नुसतं पाहिलं, मला नीट, पहिल्यांदा पाहावं तसं, आणि खाली चालू लागली. शुभाकाकू मागून मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "आजी! जपून! हां! दगड आहे!" जणू स्मरणशक्तीबरोबर तिचे कानही गेले होते.

संध्याकाळी पांगण्याचा मंत्र ढासळला. झाडांतल्या तंबूंत जळवा निघाल्या, मग वरच्या कड्याकडं रानडुक्कर घुरघुरलं. एकेक कुटुंब गाद्या-उशा घेऊन खाली यायला लागलं, कारण वाळूची जागा मोकळी होती आणि व्हॅन जवळ होत्या. शेवटी काकाही आले, "मुलांसाठी" म्हणाले. अंधार पडेपर्यंत चारही तंबू आमच्या वाळूवर दोऱ्यांत दोऱ्या अडकवून उभे होते, मध्ये सतरंजी, तिच्यावर पिठलं-भात आणि सगळ्यांची लोणची. अख्खं गाव आमच्या वस्तीत राहायला आलं होतं. एरवी यावर आजी काहीतरी बोलली असती आणि सगळे हसले असते. मी तिच्या ताटात पापड ठेवला, तो तिनं तसाच ठेवला.

सकाळी मी बाहेर आले तेव्हा काका गॅसवर चहाची तयारी करत होते. आजी कुठं दिसेना. मग शुभाकाकूंनी बोट नुसतं वर केलं. आजी वरच्या डोहावर होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून खडकावर बसली होती, दोन्ही पाय डोहात सोडलेले, आणि एका दगडानं टाच घासत होती. आरामात. एक टाच झाली, मग दुसरी. मग ओंजळीनं चूळ भरली आणि ती पाण्यातच टाकली. मग पदराचं टोक भिजवून मान पुसली. पप्पा धावत निघाले, पण काकांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. "असू दे, मोरे. त्यांना काय कळतंय!"

"व्हय!" आजी वरून ओरडली. कान अगदी शाबूत होते. "मला काय कळतंय!" आणि ती हसली, आणि घळीनं ते हसू तीन वेळा परत दिलं.

काकांच्या मोठ्या मनाला मग भरती आली. ते फिल्टर घेऊन वर गेले आणि आजीच्या पायांपासून हातभर अंतरावर बसून पाणी उपसू लागले. "उकळणारच आहोत आपण," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आणि म्हातारं माणूस आहे, आपल्या आईसारखं." काल नळीला भांडं लागू न देणारा माणूस तोच होता. फरक एवढाच की आता समोर भानावर नसलेली बाई होती, आणि तिच्यासाठी ते काहीही करू शकत होते.

चहा झाला. आलं घातलेला, गोड, धुराचा वास नसलेला. सगळ्यांनी घेतला. पप्पांनी घेतला, मम्मीनं घेतला. काकांनी दोन कप घेतले आणि डोंगरातल्या पाण्यातल्या क्षारांवर बोलले. आजी ओल्या पायांनी खाली आली, आपल्या खळग्याच्या खुर्चीत बसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पी की. आता त्ये समद्यांचं झालं." कालपासून तिनं मला म्हटलेलं हे पहिलंच वाक्य. मला ते कळलं होतं. मला वाटतं, तिथं तेवढं मला एकटीलाच कळलं होतं.

मी कप ओठांपर्यंत नेला. चहावर साय धरू लागली होती. मला तिची टाच दिसली, दगड दिसला, चूळ दिसली. मी तंबूच्या मागं गेले आणि कप वाळूत ओतला. पाणी शुद्ध होतं, उकळलेलं होतं, विज्ञानात मला चांगले मार्क होते. वळून पाहिलं तर आजी खुर्चीतून मान तिरकी करून ओल्या वाळूकडं बघत होती.

"तुला बी इटाळ झाला व्हय गं?" ती हळूच म्हणाली.

चेष्टेनंच म्हणाली, असं मी आजही स्वतःला सांगते.